उजेड, रंग आणि विद्यार्थ्याची दृष्टी

प्राथमिक शाळेतील अध्यापनाचा फार मोठा भाग डोळ्यांच्या द्वारे होत असतो. फळ्यावरील अक्षर, पुस्तकातील ओळ, नकाशावरील सीमारेषा, चित्रातील रंग हे सर्व मुलापर्यंत पोहोचते ते प्रकाशाच्या वाहनावर बसून. असे असूनही वर्गाची पाहणी करताना पटसंख्या, फळा, बाके व साहित्य यांची नोंद होते. परंतु शेवटच्या बाकावर उजेड किती पडतो याची विचारपूस क्वचितच होते. उजेड कमी असला किंवा तो चुकीच्या जातीचा असला, तर मुलाला अक्षर नीट दिसत नाही आणि रंगही खरा दिसत नाही. त्याचे खापर मात्र मुलाच्या बुद्धीवर फुटते. म्हणून प्रकाश, रंग आणि दृष्टी यांचा परस्परसंबंध शिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

रंग वस्तूत की प्रकाशात?

तांबडे फूल तांबडे आहे, असे आपण म्हणतो. वास्तविक त्या फुलावर पडणाऱ्या प्रकाशातील तांबडा भाग ते परत पाठविते व इतर भाग बव्हंशी शोषून घेते. पडणाऱ्या प्रकाशात तांबडा भागच नसेल, तर फुलाने परत पाठवावे काय? अशा प्रकाशात ते काळपट दिसते. सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग एकवटलेले असतात, हे न्यूटनने सतराव्या शतकात लोलकाच्या साहाय्याने दाखवून दिले. परंतु प्रत्येक दिव्याचा प्रकाश असा सर्वरंगी नसतो. मेणबत्ती, कंदील व तारेचा जुना बल्ब यांच्या प्रकाशात तांबडा-पिवळा भाग भरपूर व निळा भाग अगदी थोडा असतो. रस्त्यावरील सोडियमच्या दिव्याचा प्रकाश बहुतांशी पिवळाच असतो. त्याखाली निळी व तांबडी वस्त्रे एकसारखी मळकट भासतात. पांढऱ्या एल.ई.डी. दिव्यात मुळात निळा प्रकाश निर्माण होतो व त्यावरील पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. हलक्या प्रतीच्या दिव्यात तांबडा भाग अपुरा राहतो, त्यामुळे टोमॅटो, कुंकू आणि माणसाची कांती निस्तेज दिसते.

दिव्याच्या वेष्टनावर २,७०० किंवा ६,५०० असा आकडा व त्यापुढे केल्व्हिन हे एकक छापलेले असते. मेणबत्तीचा प्रकाश सुमारे १,९०० केल्व्हिन, तारेच्या बल्बचा सुमारे २,७०० आणि दुपारच्या उन्हाचा सुमारे ५,५०० केल्व्हिन मानतात. आकडा जितका मोठा, तितकी प्रकाशाची छटा निळसर. मात्र हा आकडा केवळ छटा सांगतो. त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतील हे सांगत नाही. त्यासाठी स्वतंत्र निर्देशांक असतो. तो १०० च्या जितका जवळ, तितका तो दिवा रंगांच्या बाबतीत विश्वासू समजावा.

कापडाच्या धंद्यातील उदाहरण

या गोष्टीचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणले जाते. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ या बाजूच्या औद्योगिक वसाहतींत कापड रंगविण्याचे व छपाईचे कारखाने आहेत. रंगाऱ्यापुढे नेहमीची अडचण अशी की, ग्राहकाने दिलेला नमुना व रंगविलेले कापड कारखान्यातील नळीच्या दिव्याखाली तंतोतंत जुळतात. परंतु उन्हात नेताच एक तांबूस व दुसरे हिरवट दिसू लागते. दोन वेगवेगळ्या रंगद्रव्यांची मिश्रणे एका प्रकाशात डोळ्याला सारखीच भासतात, पण दुसऱ्या प्रकाशात त्यांचे खरे भेद उघडे पडतात. यास सापेक्ष रंगसाम्य म्हणता येईल. म्हणूनच रंगपरीक्षेसाठी निरनिराळे दिवे लावता येतील अशी पेटी वापरतात. तिच्यात तोच नमुना दिवसाच्या प्रकाशासारख्या, दुकानातील दिव्यासारख्या व घरगुती बल्बसारख्या प्रकाशात पाहतात आणि तिन्ही ठिकाणी जुळला तरच तो मान्य करतात. दुकानातून साडी घेताना ती दाराशी उजेडात नेऊन पाहणारी जाणती गृहिणी हेच शास्त्र अनुभवाने पाळीत असते.

कापडापेक्षाही महत्त्वाची बाब आरोग्याची आहे. काविळीत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो. पण पिवळट दिव्याखाली पांढरे व पिवळे यांतील फरक पुसट होत असल्यामुळे सौम्य कावीळ नजरेतून सुटते. एखाद्या मुलाचे डोळे पिवळे आहेत अशी शंका आल्यास त्यास वर्गातून ओसरीवर, दिवसाच्या उजेडात आणून पाहावे आणि आरोग्य केंद्राकडे धाडावे.

डोळ्याचे कार्य

डोळ्याच्या आतील पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात. शंकुपेशी सुमारे ६० लक्ष असून त्या भरपूर उजेडात काम करतात. रंगांचे ज्ञान व बारीक अक्षर वाचण्याची शक्ती त्यांच्याकडे असते. त्यांचे तीन प्रकार असून त्या तिघांच्या संदेशांची तुलना करून मेंदू रंग ठरवितो. दंडपेशी सुमारे १२ कोटी असून त्या अत्यंत मंद उजेडातही काम करतात. परंतु त्यांना रंग कळत नाही. चांदण्यात आपल्याला झाड, वाट व माणूस दिसतो, पण लुगड्याचा रंग सांगता येत नाही, याचे कारण हेच होय.

संधिप्रकाशाच्या वेळी या दोन पेशींमध्ये कामाची अदलाबदल होते. दंडपेशी निळसर-हिरव्या प्रकाशास अधिक व तांबड्या प्रकाशास फारच कमी दाद देतात. त्यामुळे दिवसा भडक दिसणारी जास्वंद सायंकाळी काळी पडते व तिची पाने मात्र उजळ वाटतात. पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने १८२५ च्या सुमारास या घटनेचे वर्णन केले. त्याचेच नाव तिला मिळाले आहे. उन्हातून अंधाऱ्या खोलीत आल्यावर प्रथम काही दिसत नाही. डोळ्याची बाहुली रुंद होते, परंतु तिचा व्यास साधारण २ मिलिमीटरवरून ८ मिलिमीटरपर्यंतच वाढू शकतो. म्हणजे आत जाणारा प्रकाश फार तर १६ पट वाढेल. उरलेले काम दृष्टिपटलाचे असते व पूर्ण अंधाराशी जुळवून घेण्यास त्यास अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. मधल्या सुटीत उन्हात खेळून आलेल्या मुलांना अंधाऱ्या वर्गात येताच बारीक मजकूर उतरविण्यास सांगू नये. पहिली काही मिनिटे पाढे किंवा कविता म्हणून घ्यावी.

रेल्वेचा सिग्नल व रंगांधळेपणा

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास पहिली प्रवासी आगगाडी आली आणि १८५४ मध्ये हा मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. आज कल्याण जंक्शनात कसाऱ्याच्या व कर्जतच्या बाजूंचे मार्ग एकत्र येतात. तेथून गाडी नेणाऱ्या चालकास तांबडा, पिवळा व हिरवा यांतील भेद क्षणात ओळखावा लागतो. १८७५ मध्ये स्वीडनमधील लागेरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर झाली. तिच्यामागे रंगांधळेपणा असावा असे प्रतिपादन होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञाने केले आणि रंगीत लोकरीच्या लडी निवडण्याची परीक्षा प्रचारात आणली. तेव्हापासून रेल्वे-सेवकांच्या रंगदृष्टीची तपासणी करण्याची प्रथा रूढ होत गेली.

रंगांधळेपणाचा पहिला शास्त्रीय वृत्तांत इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डाल्टन याने १७९४ मध्ये मांडला. आणि गंमत अशी की, त्यास आपल्या दोषाचा पत्ता दिव्यामुळे लागला. जिरेनियमचे जे गुलाबी फूल दिवसा त्यास निळे दिसे, तेच मेणबत्तीच्या उजेडात तांबडे दिसले. मेणबत्तीत निळा भाग नाममात्र असल्याने फुलाकडून परतणारा निळा प्रकाश नाहीसा झाला होता. इतरांस एवढा मोठा फरक जाणवेना, त्याच्या भावास मात्र तो जाणवला. डाल्टनच्या जतन केलेल्या डोळ्यांतील आनुवंशिक द्रव्य १९९५ मध्ये तपासले गेले, तेव्हा हिरव्या प्रकाशास मुख्यतः दाद देणाऱ्या शंकुपेशींचे द्रव्य त्यास नव्हते असे सिद्ध झाले.

तांबडा-हिरवा भेद न कळण्याचा हा दोष आनुवंशिक असून तो मुलींपेक्षा मुलांत कितीतरी अधिक आढळतो. त्यास औषध नाही. पण तो बुद्धीचा दोषही नाही. झाडाची पाने तपकिरी रंगविणारा मुलगा आळशी किंवा खोडकर आहे असे समजून त्यास वर्गापुढे हसू नये. रंगखडूंच्या कागदावर रंगांची नावे लिहून ठेवावीत. नकाशात दोन प्रदेश केवळ तांबड्या व हिरव्या रंगाने न दाखविता एकावर तिरप्या रेघा माराव्यात. हिरव्या फळ्यावर तांबडा खडू वापरू नये. तो रंगांधळ्या मुलास जवळजवळ दिसतच नाही आणि इतरांसही कष्टाने दिसतो. रंगदृष्टीच्या ठिपक्यांच्या तक्त्यांची तपासणी दिवसाच्या उजेडातच व्हावी; पिवळ्या बल्बखाली तिचा निर्णय चुकू शकतो.

वर्गातील उजेड

उजेड लक्स या एककात मोजतात. एका मेणबत्तीचा एक मीटर अंतरावर पडणारा उजेड सुमारे १ लक्स असतो. भर उन्हात सुमारे १ लक्ष लक्स, पावसाळी ढगाळ दिवशी उघड्यावर काही हजार, तर पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास उजेड असतो. वर्गात लेखन-वाचनासाठी सुमारे ३०० लक्स असावेत असे सर्वसाधारण प्रमाण आहे. शहापूर-मुरबाडकडील पावसाळ्यात झडीच्या दिवशी, वीज गेलेली असताना, वर्गाच्या आतल्या कोपऱ्यात तो शंभराच्याही खाली जाऊ शकतो.

वस्तू दिसणे तीन गोष्टींवर अवलंबून असते: तिचा आकार, पार्श्वभूमीशी तिचा भेद आणि उजेड. एक उणी असेल तर दुसरी वाढवावी लागते. वारली चित्रकार गेरूच्या तांबूस भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली पांढरी रेघ अर्धवट उजेडाच्या झोपडीतही स्पष्ट दिसते, कारण तेथे भेद मोठा आहे. याच्या उलट, ओल्या फडक्याने न पुसलेल्या, पांढुरक्या पडलेल्या फळ्यावरील पांढरे अक्षर भरपूर उजेडातही वाचता येत नाही.

आपल्या लिपीत ही बाब फारच नाजूक आहे. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ष आणि प यांतील भेद एका बारीक गाठीचा किंवा रेघेचा असतो; अनुस्वार तर केवळ ठिपका. मंद उजेडात डोळा प्रथम हीच खूण गमावतो. म्हणून अशुद्धलेखनाबद्दल शिक्षा करण्यापूर्वी एक साधी कसोटी लावावी. तेच शब्द मुलास श्रुतलेखनाने लिहावयास सांगावे. श्रुतलेखन शुद्ध व फळ्यावरून उतरविलेले अशुद्ध असेल, तर दोष अभ्यासाचा नसून उजेडाचा किंवा नजरेचा आहे असे समजावे. मुलास पुढे, खिडकीजवळ बसवूनही चुका राहिल्या, तर डोळे तपासून घेण्याविषयी पालकांस सांगावे.

शिक्षकांनी स्वतःच्या नजरेवरही सर्वस्वी विसंबू नये. वयाबरोबर नेत्रभिंग पिवळट होते व बाहुली लहान राहते. त्यामुळे वडील शिक्षकास विद्यार्थ्याहून अधिक उजेड लागतो. याच्या उलट, फळ्याजवळ उभ्या असलेल्या तरुण शिक्षकास शेवटच्या बाकावरील अडचण कळत नाही. स्वतः त्या बाकावर बसून फळा वाचून पाहणे हाच खरा उपाय.

खर्चाविना होण्याजोग्या पुढील गोष्टी प्रत्येक शाळेत करता येतील.

१. प्रत्येक बाकावर बसून खिडकीतून आकाशाचा तुकडा दिसतो का ते पाहावे. जेथून आकाश मुळीच दिसत नाही, तेथे नैसर्गिक उजेड अपुरा असतो. मुलांच्या जागा आठवड्याने बदलाव्यात.

२. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलांच्या डावीकडून उजेड यावा, म्हणजे हाताची सावली लेखनावर पडत नाही. डावखुऱ्या मुलास त्याच्या सोयीची जागा द्यावी.

३. भिंती व छत यांस पांढरा चुना द्यावा. पांढरी भिंत आलेल्या प्रकाशाचा बराचसा भाग परत वर्गात टाकते; काळवंडलेली भिंत तो गिळून टाकते.

४. फळा दोन खिडक्यांच्या मध्ये नसावा. फळ्यावर चकाकी येत असेल, तर त्याचा कोन बदलावा.

५. कौलारू इमारतीत एक-दोन काचेची कौले बसविल्यास मधला काळोख जातो; मात्र त्यांचे ऊन फळ्यावर पडू देऊ नये.

एक सोपा प्रयोग

कागदावर खोबरेल तेलाचा एक थेंब पसरू द्यावा. अंधाऱ्या खोलीत त्या कागदाच्या एका बाजूस ३० सेंटिमीटरवर एक मेणबत्ती व दुसऱ्या बाजूस ६० सेंटिमीटरवर चार मेणबत्त्या ठेवाव्यात. दोन्हीकडचा उजेड सारखा झाला की तेलाचा डाग जवळजवळ दिसेनासा होतो. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, हा नियम मुलांस असा डोळ्यांनी पाहता येतो. त्यानंतर तांबड्या पारदर्शक कागदातून पांढऱ्या कागदावरील तांबडे अक्षर पाहण्यास सांगावे. ते नाहीसे होते, आणि हिरवे पान काळे दिसते. रंग प्रकाशावर अवलंबून आहे, हे मग निराळे समजावून सांगावे लागत नाही.

शेवटी एक गोष्ट. चीनमधील ग्वांगचौ येथील शाळांत रोज ४० मिनिटांचा मैदानावरील जादा तास देऊन तीन वर्षे पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या मुलांस हा तास मिळाला त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्क्यांस व इतरांपैकी सुमारे ४० टक्क्यांस नव्याने लघुदृष्टी, म्हणजे दूरचे न दिसण्याचा दोष, जडला. उघड्यावरील भरपूर उजेड वाढत्या डोळ्यास हितकर ठरतो, असे यावरून दिसते. ठाणे-डोंबिवलीच्या दाट वस्तीतील मुलांस असा उजेड प्रयत्नाने मिळवून द्यावा लागतो. गावच्या शाळेला तो अंगणातच लाभलेला आहे. खेळाचा तास गणितासाठी कापून घेण्यापूर्वी प्रत्येक शिक्षकाने याचा विचार करावा.