विषय क्रमांक चार

सभा अकराची आहे. साडेअकरा होत आले तरी अध्यक्ष चौकच्या अलीकडे वाहतुकीत अडकलेत. प्राचार्यांच्या दालनात दोन टेबलं जोडून त्यांवर हिरवं कापड टाकलंय. प्रत्येक खुर्चीपुढे विषयपत्रिका, पाण्याची छोटी बाटली आणि बशीत बिस्किटं. कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या एका सरकारी आयटीआयच्या संस्था व्यवस्थापन समितीची ही बैठक. मी निमंत्रित म्हणून भिंतीलगतच्या खुर्चीवर आहे. शेजारच्या वर्कशॉपमधून कानस घासल्याचा आवाज येतोय. ऑक्टोबर आहे, परतीचा पाऊस नुकताच थांबलाय, आणि रस्त्यापलीकडचं भात पिवळं पडलंय.

अध्यक्ष येतात. एका कारखान्याचे उत्पादनप्रमुख आहेत. बसता बसताच फोन पालथा ठेवतात आणि म्हणतात, "चला, घ्या विषय एक."

विषय एक, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. कनिष्ठ लिपिक उभ्याने भरभर वाचतात. चर्चा करण्यात आली, पाठपुरावा करण्यात यावा, पत्रव्यवहार करण्यात यावा. कुणी, कधीपर्यंत, हे एकाही ठरावात नाही. सगळे मान डोलावतात. कायम.

विषय दोन, जमाखर्च. या समितीकडे पैसा आला तो कर्जाच्या वाटेने. 2007-08 पासून केंद्र सरकारने देशातल्या 1,396 सरकारी आयटीआयना खाजगी भागीदारीतून सुधारण्याची योजना राबवली. प्रत्येक समितीला अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळालं. पहिली दहा वर्षं परतफेड नाही, पुढे वीस वर्षांत समान हप्ते. कर्ज समितीच्या नावावर असतं, म्हणून समिती संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदवावी लागते. अध्यक्ष उद्योगाचा, चार सदस्य स्थानिक कारखान्यांचे, पाच राज्य सरकारने नेमलेले आणि प्राचार्य सदस्य सचिव. सरकारच्या पाचांत जिल्हा रोजगार अधिकारी, संचालनालयाचा प्रतिनिधी, स्थानिक शिक्षणक्षेत्रातला एक जाणकार, एक ज्येष्ठ निदेशक आणि एक विद्यार्थी प्रतिनिधी.

या यादीत नगरपरिषदेचा, पंचायत समितीचा माणूस कुठेच नाही. पदवी महाविद्यालयांना निदान महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 ने महाविद्यालय विकास समिती दिली. तिच्यात चार स्थानिक सदस्य घ्यावेच लागतात, त्यांतला एक माजी विद्यार्थी. आयटीआयच्या फाटकापर्यंतचा रस्ता, रस्त्यावरचा दिवा, नळाचं पाणी हे सगळं ज्यांच्या हातात, त्यांना इथे खुर्ची मिळते ती कुणी बोलावलं तरच. आज एक नगरसेवक आलेत, दिव्यांच्या विषयासाठी. ते स्वतः याच संस्थेतून जोडारी होऊन बाहेर पडलेले.

विषय तीन, यंत्रसामग्री खरेदी. प्राचार्य सीएनसी मशीनचा प्रस्ताव मांडतात. कारखान्याच्या दोन सदस्यांचे चेहरे खुलतात. तिसरे विचारतात, "मशीन आणाल, पण चालवायला शिकवणार कोण?"

"पद मंजूर आहे, भरलेलं नाही. सध्या तासिका तत्त्वावर काम भागवतोय," प्राचार्य सांगतात.

"मागच्या सभेतही हेच होतं ना?"

"पाठपुरावा चालू आहे, साहेब."

मला वाटतं, समितीची खरी अडचण या चार वाक्यांत आहे. यंत्र घेणं तिच्या हातात आहे, कायम निदेशक नेमणं नाही. कंत्राटी माणूस घ्यायचा तर तो टिकेल असा पगार कर्जातून ठेवलेल्या रकमेच्या व्याजातून काढायचा. मशीनचा फोटो बातमीत येतो, रिकाम्या पदाचा फोटो निघत नाही. प्रस्ताव पुढच्या सभेपर्यंत थांबतो. ज्येष्ठ निदेशक पहिल्यांदाच मान वर करून बिस्किट उचलतात.

विषय क्रमांक चार, प्रशिक्षणार्थ्यांची उपस्थिती. भिंतीवर तक्ता उमटतो. परीक्षेला बसायला 80 टक्के उपस्थिती लागते आणि दोन तुकड्यांच्या रेघा त्याच्या खाली घसरल्यात.

"भातकापणी," प्राचार्य म्हणतात. "दरवर्षीचंच आहे."

"पालकसभा घ्या," रोजगार अधिकारी मॅडम सुचवतात. लिपिक लिहून घेतात, पालकसभा घेण्यात यावी.

टेबलाच्या टोकाला विद्यार्थी प्रतिनिधी बसलीय. वीजतंत्री ट्रेडची, दुसऱ्या वर्षाला. निळ्या गणवेशाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. आतापर्यंत तिच्याकडे कुणी पाहिलेलं नाही.

"सर, बोलू का?"

"बोल की, बाळा."

"कापणी आठ-दहा दिवसांचीच असते. बाकी वर्षभर गाडीचं कारण आहे. सकाळची एसटी कशेळ्याला येते तेव्हाच भरलेली असते. कधी थांबते, कधी नाही. पुढची धरली की इथे पहिला तास गेलेला असतो. मग पोरं म्हणतात, गैरहजेरी लागलीच आहे तर कशाला जायचं. पास काढलेला असतो सर, तरी."

विद्यार्थ्यांना पासात 66.67 टक्के सवलत मिळते. न थांबणाऱ्या गाडीवर ती चालत नाही.

प्राचार्य काही म्हणायच्या आत अध्यक्ष विचारतात, "कशेळ्याचे किती जण आहेत?"

कुणालाच माहीत नाही. पोर्टलवर आधार क्रमांक आहे, जात प्रवर्ग आहे, बँक खातं आहे. 2023 मध्ये दरमहा चाळीस रुपयांचं विद्यावेतन पाचशे झालं, तेव्हा हे खातं प्रत्येकाकडून दोनदा तपासून घेतलं होतं. पोरगं रोज कुठल्या थांब्यावर उभं राहतं याचा रकाना मात्र नाही.

"हजेरीपट आणा," अध्यक्ष म्हणतात. "प्रवेशअर्जांची फाइल पण."

शिपाई मामा दोन्ही घेऊन येतात. पुढची वीस मिनिटं या दालनात जे चालतं ते विषयपत्रिकेत बसणारं नाही. ज्येष्ठ निदेशक नावं वाचतात, मुलगी गाव सांगते, नगरसेवक विषयपत्रिकेच्या कोऱ्या मागच्या बाजूला रकाने आखतात. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी: कर्जत-खोपोली लोकलच्या मार्गावरची पोरं. गाड्या मोजक्या, पण वेळेच्या. यांची हजेरी बरी आहे. चौक, वावोशीकडची सहाआसनी रिक्षाने येतात, तीही ठीक. कशेळे, खांडस आणि त्यापलीकडचे पाडे: इथे खुणा दाटत जातात. ठाकर, कातकरी वस्त्यांतली पोरं. घसरलेल्या दोन्ही रेघा बऱ्याचशा याच एका रस्त्यावरच्या आहेत.

रोजगार अधिकारी मॅडम चष्मा काढून कागद जवळ ओढतात. "हे मला आधी कुणी दाखवलं नाही," त्या म्हणतात, आणि त्यात तक्रारीचा सूर नाही.

टक्केवारी दिल्लीतून दिसते, मुंबईच्या संचालनालयातूनही दिसते. त्यासाठी तालुक्यात समिती बसवायची गरज नाही. समितीने बघावं ते तिथून न दिसणारं. इतक्या कागदांनंतर आज पहिल्यांदा ती ते बघतेय.

"आगार कर्जतला आहे," नगरसेवक म्हणतात. "नगरपरिषदेचं पत्र चालणार नाही तिथे. पण मी बरोबर येतो."

"पत्र माझ्या सहीचं जाईल. सोबत ही यादी, थांब्यांसकट," अध्यक्ष म्हणतात. "आणि सर, पहिल्या तासाला प्रात्यक्षिक ठेवू नका. बुडलेलं प्रात्यक्षिक भरून येत नाही."

प्राचार्य क्षणभर गप्प राहतात. वेळापत्रक भिंतीवरच आहे. "निदेशकांशी बोलून सोमवारपासून बदलतो."

विषय पाच, आयत्या वेळचे विषय. प्राचार्य 'पीएम-सेतू'ची माहिती देतात. 2025 ची योजना, 60,000 कोटींची, 1,000 सरकारी आयटीआयसाठी. 200 हब, म्हणजे मुख्य संस्था, आणि त्यांना जोडलेल्या 800 स्पोक.

"आपण त्यात आलो तर काय होणार, स्पोक?" कारखान्याचे सदस्य विचारतात.

"आलो तर स्पोकच."

पैसा मोठा आहे, उद्योगाचा शब्दही मोठा होणार आहे. नवी यंत्रं येतील, निदेशकांना प्रशिक्षण मिळेल, ते हवंच आहे. पण हबमधल्या पडद्यावर पुन्हा तीच रेघ दिसेल. कशेळ्याची एसटी तिथे दिसायची तर अशी यादी खालूनच वर जायला हवी, आणि ती करायला नगरसेवकासारखा स्थानिक माणूस निमंत्रित म्हणून नव्हे, सदस्य म्हणून बसायला हवा.

लिपिक कच्चं इतिवृत्त वाचून दाखवतात. "विषय क्रमांक चार. उपस्थितीबाबत सविस्तर चर्चा करण्यात आली व पत्रव्यवहार..."

"खोडा," अध्यक्ष म्हणतात. "आगाराला पत्र, सही माझी, घेऊन जाणार ज्येष्ठ निदेशक आणि नगरसेवक, शुक्रवारपर्यंत. वेळापत्रक प्राचार्य, सोमवारपासून. नावं घाला."

लिपिक प्राचार्यांकडे बघतात. प्राचार्य मान हलवतात. नावं पडतात. रिकाम्या निदेशकपदापुढे मात्र 'पाठपुरावा करण्यात यावा' हेच राहतं. तिथे कुणाचं नाव घालावं ते कुणालाच सुचत नाही.

"पुढच्या सभेत हा चार नंबरचा विषय पहिला घ्या," उठता उठता अध्यक्ष म्हणतात.

"पहिला इतिवृत्त कायम करण्याचा असतो, साहेब."

"मग दुसरा घ्या."