मुठेचा महासीर आणि ध्रुवावरचं अस्वल

दख्खनचा महासीर हा मासा विज्ञानाच्या नोंदीत आला तो पुण्याच्या नदीमुळे. कर्नल विल्यम सायक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि मासा मिळाल्याची जागा लिहिली: मुळा-मुठा नदी, पुण्याच्या पूर्वेला सुमारे आठ मैल. म्हणजे आजच्या मांजरी-लोणीच्या आसपासचं पात्र. तेव्हापासून या माशाचं शास्त्रीय नाव ‘खुद्री’ आहे आणि जगातला कुठलाही मत्स्यशास्त्रज्ञ त्याचा मूळ पत्ता शोधायला निघाला, तर तो आपल्या शहराच्या वेशीवर येऊन थांबतो. सायक्सने दख्खनमधल्या आणखी कितीतरी माशांना असंच शास्त्रात आणलं. त्यांतला नाकावर उंचवटा असलेला नकटा इंद्रायणीतला आहे.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. हवामानबदलाचा विषय निघाला की वर्गात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: बर्फाच्या तुकड्यावर उभं असलेलं, बरगड्या दिसणारं पांढरं अस्वल. ते चित्र खरं आहे, आणि मीही तिथूनच सुरुवात करते. त्या अस्वलाच्या शरीरात काय घडतं हे नीट कळलं, की मुठेतल्या माशाच्या शरीरात काय घडतं हे पटकन उमगतं. दोघांनाही दोन घाव बसतात, आणि पहिला घाव दुसऱ्याचं बळ वाढवतो.

ध्रुवीय अस्वल समुद्रावर गोठलेल्या बर्फावरून सीलची शिकार करतं. सीलची चरबी हे त्याचं मुख्य अन्न. हिवाळ्यात आणि वसंतात पोटभर खायचं, अंगावर जाड थर चढवायचा आणि बर्फ वितळल्यावर त्या साठ्यावर दिवस काढायचे, असं त्याचं वर्षाचं गणित. उत्तर ध्रुवाचा प्रदेश १९७९ नंतर जगाच्या सरासरीपेक्षा जवळपास चौपट वेगाने तापला. कॅनडातल्या पश्चिम हडसन उपसागरात बर्फ आता लवकर फुटतो आणि उशिरा धरतो, त्यामुळे किनाऱ्यावर अडकलेल्या अस्वलांचा उपास लांबतो. १९८०च्या दशकात तिथे सुमारे १२०० अस्वलं होती. २०२१च्या मोजणीत अंदाज ६१८पर्यंत खाली आला.

हा पहिला घाव. दुसरा घाव आला कारखान्यांतून. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरली जाणारी पीसीबीसारखी रसायनं वाऱ्यांबरोबर आणि सागरी प्रवाहांबरोबर उत्तरेला पोचली. ती सूक्ष्मजीवांतून माशांत गेली, माशांतून सीलमध्ये, सीलमधून अस्वलात, आणि प्रत्येक पायरीवर त्यांचा साठा वाढत गेला. २००१च्या स्टॉकहोम करारात जगाने त्यांच्यावर बंदी आणायचं ठरवलं, पण ती इतकी टिकाऊ आहेत की अजून निसर्गात फिरतच आहेत. ही रसायनं चरबीत मुरतात. अस्वल खाऊनपिऊन सुखी असेल तोवर बरीचशी तिथेच पडून राहतात. उपास लांबला, शरीर चरबी जाळू लागलं, की ती रक्तात उतरतात. थायरॉइडचं काम बिघडवतात, रोगप्रतिकारशक्ती खालावतात, आणि आईच्या स्निग्ध दुधातून पिलापर्यंत जातात. म्हणजे शरीर सगळ्यात अशक्त असतं, नेमकं तेव्हाच विष सगळ्यात जास्त भिनतं.

आता मुठेकडे येऊ.

मासा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कल्ल्यांनी घेतो. स्वच्छ गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. पाणी तापलं की त्याची ऑक्सिजन धरून ठेवायची ताकदच कमी होते. त्यात मासा शीतरक्ताचा. पाणी तापलं की त्याचं शरीरही तापतं, आतल्या सगळ्या क्रिया वेगाने चालतात आणि त्याला जास्त ऑक्सिजन लागतो. २०१९च्या एप्रिलअखेरीस शिवाजीनगरला पारा ४३ अंशांपर्यंत गेला होता. माणसं सावली शोधत होती. उथळ, संथ पात्रातल्या माशाला जायला जागा नव्हती.

याच पाण्यात आपण मैलापाणी सोडतो. ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतात. मैल्यातून अमोनिया येतो, आणि पाणी जितकं गरम तितका त्याचा विषारी अंश जास्त. गुदमरलेला मासा तोंड भराभर उघडझाप करतो, कल्ल्यांवरून अधिकाधिक पाणी फिरवतो, आणि जास्त ऑक्सिजनच्या शोधात जास्त अमोनिया, जास्त साबण, जास्त रसायनं शरीरात ओढतो. कल्ल्यांचे नाजूक पडदे सुजतात. सततच्या ताणाने प्रतिकारशक्ती ढासळते, बुरशी आणि जखमा धरतात. अस्वलाच्या बाबतीत उपास विषाला वाट करून देतो, माशाच्या बाबतीत धाप.

विद्यार्थ्यांना हे फळ्यावर सांगून भागत नाही. म्हणून आम्ही काचेच्या बाटल्या घेऊन नदीवर जातो. ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत जुनी आणि सोपी आहे. बुडबुडा राहू न देता बाटली भरायची, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं आणि झाकण लावून हलवायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. नसेल तर साका पांढराच राहतो. खडकवासल्याच्या वरच्या अंगाला बाटली गडद तपकिरी होते. मुंढव्याजवळ उन्हाळ्यात ती पांढरी राहिलेली मी मुलांबरोबर पाहिली आहे. त्यानंतर कुणाला व्याख्येची गरज उरत नाही. पांढरी बाटली म्हणजे महासीरला बंद झालेलं घर.

ही नदी कायम अशी नव्हती. पुण्याच्या माशांच्या नोंदी देशातल्या फार थोड्या शहरांकडे असतील इतक्या जुन्या आहेत. सायक्सनंतर १९४२ साली फ्रेझर आणि होरा-मिश्रा, १९४४ साली सुटर, १९६३ साली टोणपी आणि मुल्हेरकर यांनी इथल्या माशांच्या याद्या केल्या. या शतकाच्या सुरुवातीला संजय खरात, नीलेश डहाणूकर, रूपेश राऊत या पुण्यातल्याच अभ्यासकांनी जुन्या याद्यांशी नव्या पाहणीचा ताळा घातला आणि शहरी पट्ट्यातली घसरण समोर ठेवली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या यादीत देशभरात ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांतले ५३ महाराष्ट्रातले. मुळा आणि मुठा दोन्ही सगळ्यात वाईट वर्गात होत्या.

तरीही पुलावरून खाली पाहणारा माणूस म्हणतो, “मासे आहेत की नदीत!” आहेत, पण कोणते? चिलापी कमी ऑक्सिजनवर तगते. आफ्रिकन मांगूर पाण्याबाहेर तोंड काढून हवेतला ऑक्सिजन घेतो. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. डासांसाठी सोडलेले गप्पी मासे गटारातही जगतात. हे सगळे बाहेरून आणलेले आणि सोशिक. खळाळत्या, थंड, खडकाळ पाण्यात वाढणारा महासीर त्यांच्या पंगतीला बसू शकत नाही. मासा दिसणं आणि नदी निरोगी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

हवामानबदलाचा दुसरा चेहरा पावसात दिसतो. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, हे पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं. पुण्याने २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याचा तडाखा सोसला. २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. माशाला मात्र जून सुरू होण्याआधीची पहिली जोरदार सरही जड जाते. उन्हाळाभर नाल्यांत साचलेली घाण ती एका तासात नदीत ढकलते, ती कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मेलेले मासे वर येतात. त्यानंतरच्या पुरात महासीरने प्रवाहाविरुद्ध चढून गोट्यांमध्ये अंडी घालायची असतात. पण वर धरणाची भिंत आहे. खडकवासला १८७९ साली पूर्ण झालं, पुढे पानशेत, वरसगाव, टेमघर झाली. आपल्या नळाला पाणी देणारी ही धरणं गरजेची आहेत, पण त्यांच्याखाली उन्हाळ्यात नदीचं स्वतःचं पाणी जवळजवळ उरत नाही. पात्रात वाहतं ते आपलं सांडपाणी, त्यावर जलपर्णीची चादर.

मग मासे आणून सोडले तर? लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महासीरची कृत्रिम पैदास होते आणि तिथली लाखो पिल्लं देशभर गेली. हा मासा जगातून नाहीसा होण्याच्या काठावर नाही, याला त्या कामाचाही हातभार आहे. पण तीच पिल्लं कावेरीत सोडल्यावर तिथला कुबडा महासीर मागे रेटला गेला आणि आज तो अतिसंकटग्रस्त आहे. आणि पांढऱ्या बाटलीच्या पाण्यात पिल्लं सोडणं म्हणजे त्यांना मारणंच. आधी पाणी, मग मासा.

मला या सगळ्यात एक मोठी आशा दिसते. अस्वलाच्या पायाखालचा बर्फ वाचवायला साऱ्या जगाला धूर कमी करावा लागेल. पुण्याचा उन्हाळाही एकटं पुणे थंड करू शकत नाही. पण माशावरचा दुसरा घाव पूर्णपणे आपल्या हातात आहे. मैलापाणी थांबलं तर तापलेल्या पाण्यातही मासा तगू शकतो. लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमची जागा असलेल्या पाण्यात पाच मिलिग्रॅम जरी ऑक्सिजन राहिला तरी बहुतेक देशी मासे जगतात. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून २०१६ साली मंजूर झालेल्या योजनेत ११ मैलाशुद्धीकरण केंद्रं आहेत, दिवसाला ३९.६ कोटी लिटर क्षमतेची. ती पूर्ण क्षमतेने, रात्रंदिवस चालणं हे पुण्याचं हवामानबदलाला दिलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर ठरेल. त्याच्या जोडीला धरणातून उन्हाळ्यात थोडा नियमित विसर्ग हवा आणि रामनदीसारख्या ओढ्यांचे जिवंत झरे काँक्रीटखाली जाता कामा नयेत.

नदीकाठ सुधारण्याची ४४ किलोमीटरची योजना शहरात चालू आहे. घाट, पायवाटा, बाकडी होतील. माझी मागणी साधी आहे. बंडगार्डनच्या पुलाजवळ एक फलक लावा आणि त्यावर रोजचा एकच आकडा लिहा: आज पहाटे पाण्यात लिटरमागे किती मिलिग्रॅम ऑक्सिजन होता. पहाटेचा, कारण रात्रभर शेवाळही श्वास घेतं आणि तेव्हा तो सगळ्यात कमी असतो. शहर पाऊस मोजतं, धरणातला साठा टीएमसीत तोंडपाठ सांगतं. हा आकडाही पुणेकरांच्या तोंडी आला, तर तो मे महिन्यात पाचाच्या खाली का गेला, हे प्रत्येक नगरसेवकाला विचारता येईल. खर्च झालेल्या कोटींचा हिशेब तिथेच लागेल.