911, पण पोर्शे नव्हे

911 म्हटलं की पोर्शे आठवते. पण जर्मनीत या आकड्यावर जीव टाकणारी आणखी एक जमात आहे. तिचा 911 म्हणजे मर्सिडीजचा गोल नाकाचा जुना ट्रक. वेग ताशी फार तर 80 किलोमीटर, ॲव्हरेज लिटरला साधारण पाच. असा ट्रक शोधून घ्यायचा, मागे घर बांधायचं आणि खुशाल त्यात राहायचं, असा या लोकांचा ध्यास.

आकड्याचं गणित सोपं आहे. 9 म्हणजे एकूण वजन 9 टन आणि 11 म्हणजे 110 हॉर्सपॉवर. 1113 असेल तर 11 टन आणि 130. ओळखीचं वाटलं ना? आपला टाटा 407 म्हणजे 4 टन, 70 हॉर्सपॉवर. 1613 म्हणजे 16 टन, 130. दोघांचं घराणं एकच. 1954 साली टाटा आणि डायम्लर-बेंझ यांनी जमशेदपुरात ट्रक बांधायला सुरुवात केली आणि 1969 पर्यंत आपल्या हायवेवरच्या टाटा ट्रकच्या जाळीवर मर्सिडीजचा तारा होता. पुढे 1986 मध्ये पुण्याच्या कारखान्यातून 407 बाहेर पडला, तोही आकड्यांची हीच रीत घेऊन.

घरासाठी सर्वांत लाडका ट्रक कुठला? अग्निशमन दलाचा! लहान गावातला बंब वर्षातून मोजक्याच वेळा बाहेर पडतो. एरवी तो छपराखाली उभा असतो, पुसलेला, ग्रीस केलेला, हाकेला तयार. त्यामुळे तीस-पस्तीस वर्षांचा बंब जेमतेम वीस-तीस हजार किलोमीटर चाललेला मिळू शकतो. नव्या मालकाला निळा दिवा आणि सायरन मात्र चालत नाही. आणि किलोमीटर कमी म्हणून हुरळून जाऊ नये. उभ्या गाडीचं रबर म्हातारं होतं, टायरची नक्षी कोरी दिसली तरी. टायरच्या बाजूवर कोरलेल्या डॉट क्रमांकाच्या शेवटचे चार अंक वाचावेत. 2316 म्हणजे 2016 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला. ही खूण आपल्या गाड्यांच्या टायरवरही असते, आजच खाली वाकून बघा.

जर्मन लष्कराचे आणि सरकारी खात्यांचे जुने ट्रक फेबेग ही सरकारी कंपनी विकते. बोली बंद असते. दुसऱ्याने किती लावली ते कळत नाही, सर्वांत मोठी बोली जिंकते.

आता या छंदातला सर्वांत सुंदर भाग. ट्रकची चेसिस मुद्दामच लवचीक ठेवलेली असते. एक चाक दगडावर चढलं की तिच्या दोन लांब पोलादी पट्ट्या पीळ खातात, म्हणून बाकीची चाकं जमिनीला धरून राहतात. पण घर पीळ खात नाही! खोलीचे चारही कोपरे चेसिसला थेट आवळले, तर पहिल्याच खडबडीत रस्त्यावर कोपरे फाटतात, दार अडकतं, काच तडकते. म्हणून जाणकार मंडळी घर तीन बिंदूंवर टेकवतात, त्यातला एक फिरता. तिपाई कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाही, तेच तत्त्व. खाली चेसिस वळवळते, वर कपातला चहा शांत. गिलावा-विटांच्या घरात राहणाऱ्या आपल्याला पायाचा असा विचार कधी करावाच लागत नाही, म्हणून मला तो फार आवडतो.

वजनाचं काय? जर्मनीत 1999 पूर्वी काढलेल्या साध्या कारच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची गाडी चालवता येते. नंतरच्यांना फक्त साडेतीन टन. म्हणून कित्येक 911 कागदोपत्री 7.49 टनांवर उतरवले जातात. मग प्रत्येक किलोचा हिशोब. 300 लिटर पाण्याची टाकी म्हणजे 300 किलो तिथेच गेले. ओकच्या लाकडाचं कपाट हवं की आंघोळीचं पाणी, हा खरोखरचा प्रश्न असतो.

जागेचं कोडं त्या मानाने सुटतं. युरोपात गाडीची रुंदी 2.55 मीटरच्या वर नेता येत नाही, पण भिंती वजा करूनही धिप्पाड माणूस आडवा मावतो. पलंग आडवा टाकला की लांबी स्वयंपाकघराला मिळते.

पासिंग करताना ट्रकचं रूपांतर ‘राहती गाडी’त करून घ्यावं लागतं. टेबल हवं; पलंग, खुर्ची, शेगडी आणि कपाट पक्कं बसवलेलं हवं. याचा एक गोड फायदा आहे. जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत साडेसात टनांवरच्या मालवाहू ट्रकना रस्ता बंद असतो. राहत्या गाडीला ती बंदी नाही. शेगडी आणि पलंगाने रविवार मोकळा!

वय तर इथे कमाई ठरतं. 30 वर्षं पूर्ण, प्रकृती उत्तम आणि घराची बांधणी त्या काळाला शोभेलशी असली, तर नंबर प्लेटवर शेवटी ‘एच’ मिळतो. मग इंजिन कितीही मोठं असो, कर सरसकट वर्षाला 191 युरोंच्या आसपास. शहरांतल्या प्रदूषणमुक्त भागांतही प्रवेश.

मात्र रस्त्याकडेला कायमचा मुक्काम चालत नाही. थकवा घालवण्यापुरती एक रात्र झोपता येते. हॅम्बुर्गमध्ये तर गाडीत राहण्यावर 1959 पासून स्वतंत्र कायदाच आहे.

एके काळी युरोपातून अशी चाकांवरची घरं तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून थेट गोव्यात कळंगूट-हणजुणेच्या किनाऱ्याला येत. 1979 साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो जुना रस्ता मोडला. आजही परदेशी नंबरचा ट्रक भारतात आणायचा तर ‘कार्ने’ नावाचा दस्तऐवज लागतो. गाडी परत जाईल, नाहीतर आयातशुल्क भरलं जाईल, याची ती हमी.

आणि तुमच्या डोक्यात एखादा जुना 407 घोळू लागला असेल तर हौदा उतरवण्याआधी आरटीओ गाठा. मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमामुळे नोंदणीतल्या तपशिलाबाहेरचा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं आहे, तेही वाचून घ्या.