जिल्ह्याचा तुरुंग, खर्च कोणाचा?

नागरिकशास्त्राच्या तासाला आपल्या हर्णेतल्या मुलांना विचारून बघा, "रत्नागिरीचा तुरुंग कोण चालवतं?" बरीच मुलं जिल्हा परिषद म्हणतील. शाळा तिची, आरोग्य केंद्र तिचं, मग तुरुंगही तिचाच! हिशोब सरळ वाटतो, पण तसं नाही.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत, राज्यसूचीतली चौथी नोंद कारागृहांची आहे. त्यामुळे रत्नागिरी विशेष कारागृहातलं जेवण, औषधं, शिपायांचे पगार हे सगळं राज्याच्या गृह विभागाच्या तरतुदीतून येतं. अमेरिकेत काउंटीच्या तुरुंगाचा भार मुख्यतः काउंटीच्याच करांवर असतो. आपल्याकडे जिल्हा परिषदेचा त्यात वाटा नसतो. केंद्र अधूनमधून मदत करतं. २००२-०३ पासून तुरुंग आधुनिकीकरणाची १,८०० कोटींची योजना आली, त्यात केंद्र ७५ आणि राज्य २५ टक्के.

आता मुलांना खरं गणित द्या. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून निकाली न लागलेले. टक्केवारी त्यांनाच काढू द्या. चारांतल्या तिघांचा गुन्हा सिद्धच झालेला नाही, आणि त्यांना आत ठेवायचा खर्च आपण करतोय!

हे होतं कसं? समजा, हर्णे बंदरावर मारामारी झाली. पकडलेल्याला चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, म्हणजे दापोलीला, उभं करावं लागतं. पोलीस कोठडी पोलिसांच्या ताब्यात. न्यायालयीन कोठडी म्हणजे तुरुंग. (बातम्या वाचताना मोठी माणसंही इथे गोंधळतात.) पुढे जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही, पैसे नसतात. माणूस आतच राहतो. घरचा कमावता हात गेला, आणि सरकारचा खर्च चालूच.

यावर २०२३ मध्ये केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. पात्र कच्च्या कैद्याला जामिनासाठी मदत मिळू शकते; २०२३ च्या मूळ नियमांत तिची मर्यादा ४०,००० रुपये होती. चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायची. शिवाय १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ आहे: फाशी-जन्मठेपेचे गुन्हे नसतील, इतर खटले चालू नसतील आणि पहिलाच गुन्हा असेल, तर कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटकेचा विचार होतो. तसा अर्ज कोर्टाकडे तुरुंग अधीक्षकांनीच करायचा असतो. घरच्यांना हे बहुधा कोणी सांगत नाही, म्हणून पालकसभेत जरूर सांगा.