शपथ तिकडे, कागद काचीगुड्यात

अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली की भारताचे नागरिकत्व आपोआप संपते. त्यासाठी अर्ज लागत नाही, कुणाची मंजुरीही लागत नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ मधले कलम ९ हे स्वच्छ सांगते. पण हैदराबादच्या काचीगुडा, बरकतपुरा, नारायणगुडा भागातल्या मराठी घरांत शपथविधीचे फोटो आले की पेढे वाटले जातात आणि पुढच्या कामांचा विचार मागे पडतो. मुलाचा भारतीय पासपोर्ट तिकडे खणात पडून असतो. इकडे मतदार यादीत त्याचे नाव, बँकेत साधे बचत खाते आणि गावच्या शेतीचा न सुटलेला प्रश्न तसाच असतो. ही कामे मुलाची असली तरी त्यातली निम्मी इथेच, आई-वडिलांच्या हातून व्हायची असतात. म्हणून हा लेख दोघांसाठी आहे.

या वस्तीला अशा कागदांची ओळख जुनी आहे. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरी हवी तर ‘मुलकी’, म्हणजे स्थानिक, असल्याचा दाखला लागे आणि बाहेरून आलेल्यांना त्यासाठी संस्थानात पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात आले आणि २६ जानेवारी १९५० पासून कालची निजामाची प्रजा भारताची नागरिक झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. अनेक कुटुंबांचे घर हैदराबादेत राहिले आणि शेत नांदेड, परभणीकडे. काचीगुडा स्टेशनातून मनमाडकडे जाणारी गाडी हाच त्यांचा गावाशी दुवा. आज त्याच घरांतली तिसरी-चौथी पिढी न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये आहे.

तिकडची कामे तुलनेने सोपी. शपथेनंतर हातात येणाऱ्या नॅचरलायझेशन सर्टिफिकेटवरचे नाव आणि जन्मतारीख सभागृहातून बाहेर पडण्याआधी अक्षर न् अक्षर तपासावी. प्रत काढून ठेवून मग मूळ प्रमाणपत्र पासपोर्टच्या अर्जासोबत द्यावे. ते परत मिळते. सोशल सिक्युरिटी कार्यालयात नोंद बदलावी, मतदार म्हणून नाव नोंदवावे. ग्रीन कार्ड असलेली अठरा वर्षांखालची मुले आई किंवा वडिलांच्या ताब्यात, त्यांच्यासोबत राहत असतील तर तीही आपोआप नागरिक होतात. मात्र त्यांचाही पासपोर्ट वेगळा काढावा लागतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

अमेरिकन पासपोर्ट आला की पहिले काम भारतीय पासपोर्ट परत करण्याचे. तो रद्द होऊन सरेंडर सर्टिफिकेट मिळते. मुदत शिल्लक आहे म्हणून जुन्या पासपोर्टवर एकदा भारतात येऊन जाऊ, हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नये. तो गुन्हा आहे आणि त्यासाठी दंड होतो. सरेंडर सर्टिफिकेट हाती आल्यावर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचा अर्ज करावा. या क्रमात उशीर झाला की सर्वात जास्त त्रास घरच्या आजारपणात होतो. वडील अतिदक्षता विभागात आणि मुलाकडे ना भारतीय पासपोर्ट, ना ओसीआय. अशा वेळी व्हिसा काढून येता येते, पण त्या दिवसांत संकेतस्थळावर अर्ज भरत बसण्याची वेळ कुणावर येऊ नये. नवा पासपोर्ट हातात पडला त्याच आठवड्यात ही कामे सुरू करावीत.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ओसीआय कार्डावर आयुष्यभर व्हिसाशिवाय येता येते, हवे तितके दिवस राहता येते, पोलिसांत नोंदणी लागत नाही. मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. २०२१ पासून नियम सुटसुटीत झाले. विसाव्या वर्षानंतर कार्ड काढलेल्यांना पासपोर्ट बदलला तरी नवे कार्ड लागत नाही. पन्नाशीनंतर एकदा नवा पासपोर्ट आणि फोटो ऑनलाइन चढवावा लागतो.

हैदराबादच्या मराठी माणसाची खरी अडचण नावाची. इथल्या शाळा-कार्यालयांत आडनाव किंवा त्याचे आद्याक्षर आधी लिहिण्याची तेलुगू पद्धत आहे; आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव, आडनाव हा क्रम. त्यामुळे दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, पासपोर्टवर दुसरे आणि अमेरिकन कागदावर तिसरे, असे होते. आधीच्या पिढीचे जन्माचे आणि शाळेचे दाखले तर उर्दूत आहेत. ओसीआयच्या अर्जात ही सगळी नावे एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवावे लागते. महापालिकेचा जन्मदाखला मी-सेवा या सरकारी सेवा केंद्रातून काढून घ्यावा, उर्दू दाखल्यांचे प्रमाणित भाषांतर करून ठेवावे. आई-वडील हे काम शांतपणे, वेळ असताना करू शकतात.

मतदार यादीतले नाव काढण्यासाठी फॉर्म ७ आहे. काचीगुडा अंबरपेट विधानसभा मतदारसंघात येते. तिथल्या यादीत परदेशी नागरिक झालेल्या मुलीचे नाव राहू देऊ नये. यादीत नाव असले तरी तिला मत देण्याचा हक्क नाही.

बँकेतले साधे बचत खाते परदेशी स्थायिक होतानाच एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचे सामान्य खाते, व्हायला हवे होते. राहून गेले असेल तर आता करावे. पॅन क्रमांक तोच राहतो, नोंदीतले नागरिकत्व बदलावे. अनेक वडील सोयीसाठी आपल्या खात्यावर मुलाचे नाव जोडतात. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली, तर मुलाला अमेरिकेच्या अर्थखात्याला कळवावे लागते आणि त्या हिशेबात वडिलांसोबतचे हे खातेही धरले जाते.

सर्वात मोठी चूक शेतीच्या बाबतीत होते. ‘माझ्या डोळ्यादेखत नावावर करून देतो,’ असे म्हणून वडील परभणीच्या शेताचे बक्षीसपत्र करायला निघतात. ओसीआयधारकाला शेतजमीन बक्षीस म्हणून घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र घेता येते. म्हणून शेतीसाठी मृत्युपत्र हाच योग्य मार्ग. पुढे ती विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. काचीगुड्यातले घर किंवा फ्लॅट मात्र मुलाला बक्षीसही देता येतो. मुलाने तिथून मुखत्यारपत्र पाठवले तर ते भारतीय वकिलातीत साक्षांकित किंवा अपोस्टिल केलेले असावे, आणि ते भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. विक्रीचे पैसे एनआरओ खात्यातून, कर भरून, एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात.

मुलाने घेतलेल्या शपथेचा आनंद घरात जरूर साजरा व्हावा. त्यामागे त्याची अनेक वर्षांची मेहनत असते. पण मुले पुढच्या सुट्टीत घरी येतील तेव्हा एक दुपार राखून ठेवा. सातबारा, घराची कागदपत्रे, बँक पासबुके आणि सगळ्यांचे दाखले समोर मांडा, वकिलाला घरी बोलवा आणि मृत्युपत्र करून ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नोंदणीची कायद्याने सक्ती नाही, तरीही नोंदवाच.