शेणात शोधलेला चारा

दावणीच्या गाईने किती खाल्ले हे कळायला तराजू पुरतो. सकाळी टाकलेली वैरण जोखायची, संध्याकाळी गव्हाणीत उरलेली वजा करायची. तीच गाय रानात सुटली की हा हिशेब कोलमडतो. दिवसभरात ती हजारो घास घेते आणि त्यातला एकही कुणाच्या तराजूत पडत नाही. कुरणावर किती जनावरे किती दिवस निभावतील, हे मात्र नेमके त्याच आकड्यावर ठरते. गेल्या शंभर वर्षांत संशोधकांनी त्याचा माग काढला, तो बराचसा शेणातून.

गणित साधे आहे. चारा ६० टक्के पचत असेल तर उरलेला ४० टक्के शेणात उतरतो. म्हणजे दिवसभराचे शेण वाळवून ४ किलो भरले, तर गाईने १० किलो सुका चारा खाल्ला. पण रानभर पडलेले शेण गोळा कोण करणार? मागे पिशवी बांधता येते, पण ती जनावराला जाचते. स्वीडनच्या एडिन यांनी १९१८ मध्ये पचनाच्या प्रयोगांसाठी क्रोमिक ऑक्साइड ही न पचणारी हिरवी पूड सुचवली. पुढे चरणाऱ्या जनावरांसाठीही ती वापरात आली. रोज ठरलेली पूड पोटात द्यायची आणि शेणाच्या नमुन्यात ती किती विरळ झाली ते पाहायचे. त्यावरून एकूण शेण किती ते निघते.

अमेरिकेत हा प्रश्न पैशांशी जोडला गेला. १९३४ च्या टेलर चराई कायद्यानंतर सरकारी कुरणांवर परवाने आले आणि १९३६ पासून गाईमागे महिन्याला ५ सेंट शुल्क सुरू झाले. तिथल्या कुरणशास्त्रात रूढ झालेले माप असे: सुमारे ४५० किलोची गाय दिवसाला साधारण १२ किलो सुका चारा खाते.

गाय मात्र सरसकट चरत नाही. आपल्याकडच्या माळावरही कुसळी पिकली की मेंढरे तिला टाळून कोवळे पान शोधतात. विळ्याने कापलेला गवताचा नमुना आणि जनावराने निवडून घेतलेला घास एक नसतो. म्हणून कॅलिफोर्नियात टोरेल यांनी १९५४ मध्ये शस्त्रक्रियेने अन्ननलिकेला छिद्र ठेवून गिळलेला घासच बाहेर काढण्याची पद्धत मांडली. तो किती पचेल, हे इंग्लंडमधील हर्ली येथे टिली आणि टेरी यांनी १९६३ मध्ये काचेच्या नळीत पाहिले: दोन दिवस जनावराच्या पोटातल्या रसात, पुढे दोन दिवस पेप्सिन या पाचक विकरात. एवढा खटाटोप का? वरच्या उदाहरणात पचनाचा आकडा ६० ऐवजी ६५ धरला, तर १० किलोचे ११.४ किलो होतात.

१९७० मध्ये ऑस्ट्रेलियात ॲल्डन आणि व्हिटकर यांनी शेण बाजूला ठेवून तोंडाकडे पाहिले. एका घासाचे वजन, मिनिटाला किती घास आणि चरण्याचा वेळ, यांचा गुणाकार म्हणजे दिवसाचे खाणे. गवत आखूड झाले की घास लहान होतो. मेंढी मग जास्त वेळ चरते, पण ही भरपाई एका मर्यादेपर्यंतच जमते.

१९८६ मध्ये स्कॉटलंडमध्ये मेज आणि सहकाऱ्यांनी गवताच्या पानावरचे मेणच खूण म्हणून वापरले. त्या मेणात ३३ कार्बनची साखळी नैसर्गिकच असते. संशोधकांनी जनावराला वरून ३२ कार्बनची दिली आणि शेणात दोन्हींचे प्रमाण तपासले. वाटेत दोन्हींची घट जवळपास सारखीच होते, त्यामुळे घटीमुळे येणारी चूक प्रमाणात आपोआप कटते.

आज जबड्याच्या हालचाली टिपणारे पट्टे आहेत, गवताची दाटी मोजणारी तबकडीची काठी आहे. तरी शेतकऱ्यापुढचा सवाल तोच राहतो. समजा, ३० गाई आहेत आणि एका वाफ्यात खाण्याजोगे १,०८० किलो सुके गवत आहे. प्रत्येकी १२ किलो धरले तर ते तीन दिवस पुरेल. गाई प्रत्यक्षात १४ किलो खात असतील, तर तिसऱ्या दिवशी दुपारनंतर त्या पुढच्या वाढीसाठी राखलेले बुडखे खरडायला लागलेल्या असतात.