पाव, पाय आणि पान

लालबागच्या नाक्यावर पाच मिनिटे उभे राहावे. वाण्याच्या दुकानात कोणी 'पाव किलो साखर' मागत असते. शेजारच्या बेकरीत कोणी लादीभर पाव घेत असते. आणि भाद्रपद असेल, तर १९३४ पासून येथे बसणाऱ्या, 'नवसाला पावणाऱ्या' राजाच्या दर्शनाची रांग थेट गल्लीबोळांतून गेलेली असते. एकाच नाक्यावर तीन 'पाव'! हे तिघे एकमेकांचे कोण?

आमच्या घरी या प्रश्नाचा निकाल केव्हाच लागला होता. आजी सांगे, "पायाने पीठ तुडवतात, म्हणून त्याला पाव म्हणतात." त्यामुळे तिने जन्मात पाव तोंडात घातला नाही आणि तो खाणाऱ्यांना नावे मात्र भरपूर ठेवली. आमच्या घरात शब्दकोश नव्हता. आजी सांगेल ती व्युत्पत्ती. तीच मी गेल्या वर्षी वर्गात मोठ्या ऐटीत सांगितली. सर हसले नाहीत. एवढेच म्हणाले, "शब्द कानाला कसा लागतो ते सोड. तो कोणत्या वाटेने आला ते शोध." मी गप्प बसले आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेले.

बेकरीतला पाव समुद्रावरून आला. १५३४ च्या तहाने वसई आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांकडे गेली. त्यांच्या भाषेत भाकरीला जो शब्द आहे त्याचा उच्चार साधारण 'पांउ' असा होतो. तोच आपल्या तोंडी 'पाव' झाला. पीठ कोणी कुठे कसे मळले हा प्रश्न निराळा. या नावाचा पायाशी काडीचाही संबंध नाही.

पायाशी संबंध आहे तो वाण्याच्या पावाचा! संस्कृतात 'पाद' म्हणजे पाय. जनावराला पाय चार, म्हणून एक पाद म्हणजे चौथा हिस्सा. या 'पाद'पासूनच आपला 'पाय' झाला आणि 'पाव'ही. इतकेच नव्हे, तर इंग्रजी 'फूट' हा त्याचा दूरचा भाऊ आहे. दोघांत ध्वनीचे साम्य फारसे नाही. पण संस्कृत 'प'च्या जागी इंग्रजीत 'फ' येतो, हा नियम पितृ–फादर, पंच–फाइव्ह अशा अनेक जोड्यांत दिसतो. नाते ठरते ते अशा नियमाने.

तिसरा, देवाचा पाव, संस्कृत 'प्राप्'पासून प्राकृतातून आला. पावणे म्हणजे मिळणे, पोहोचणे. पैसे पावले याची खूण ती 'पावती'. अर्थात पावाची पावती घेतली तरी त्या दोन शब्दांची सोयरीक जुळत नाही.

आता 'पान' पाहा. झाडाचे पान, वहीचे पान, विड्याचे पान, जेवणाचे पान ही सगळी एकाच 'पर्णा'ची लेकरे. शब्द एकच, अर्थ वाढत गेला. परंतु जपानी माणूस 'पान' म्हणतो तेव्हा त्याला पाव हवा असतो! पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोहोचले आणि तोच शब्द तिथे 'पान' झाला. म्हणजे जपान्यांचे पान हे आपल्या पावाचे सख्खे भावंड. आपल्या पानाशी त्याची ओळखदेखील नाही.

सर्वांत मजेचा शब्द 'बदनाम'. इंग्रजीत 'बॅड नेम' म्हणा, जवळजवळ तोच. यातले 'नाम' आणि 'नेम' खरोखर एका कुळातले आहेत. मात्र फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचे साम्य केवळ योगायोगाचे. ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या म्बाबराम भाषेत कुत्र्याला 'डॉग'सारखाच शब्द आहे, तोही योगायोगच. यात नवल नाही. माणसाच्या तोंडून निघणारे ध्वनी मोजके, भाषा मात्र हजारो. दोन-तीन ध्वनींचे शब्द कुठे ना कुठे एकमेकांवर आदळणारच. शब्द जितका आखूड, तितके त्याच्या साम्यावर भरवसा ठेवणे धोक्याचे.

हा केवळ शब्दांचा खेळ आहे काय? मला तसे वाटत नाही. एका खोट्या व्युत्पत्तीने आमच्या घरी एक अन्न अपवित्र ठरले आणि ते पहाटे उठून भाजणारी माणसेही हलकी ठरली. साम्यावरून माणसे जोडली जात नाहीत, तशी तोडलीही जाऊ नयेत.

हे सारे मी आजीला सांगितले. फिरंग्यांचा शब्द म्हटल्यावर तिने नाक मुरडले. मी म्हटले, "आजी, तू आजोबांच्या गिरणीच्या 'पगारा'ची वाट पाहायचीस, कपाटाची 'चावी' कमरेला लावतेस, उपासाला 'बटाटा' खातेस. हे तिन्ही शब्द फिरंग्यांचेच." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पगाराचं मेलीला कुणी सांगितलं नव्हतं!"

पाव तिने अजून खाल्लेला नाही. पण पायाची गोष्ट सांगणे मात्र तिने सोडले आहे.